वाघोबाने जागा सोडली

१

रविवारी चर्चमधून मिस्सा आटोपून मार्गारेट घरी आली तेव्हा केळीच्या वाडीतल्या पाटातून लालसर पाणी वाहत होतं. तिला त्याचं काही वाटलं नाही. तिचा नवरा फर्डिनंड लोपीस रंगाची भांडी पाटातच विसळायचा. गेरूने पाणी लाल होणं त्या घरात रोजचंच होतं.

"चहा टाकते, या आता," म्हणत तिने मागच्या खोलीचं दार ढकललं.

फर्डिनंड पालथा पडला होता. डोक्याची मागची बाजू चेचून आत गेली होती. गेरू वाटायचा वरवंटा शेजारी होता. कुणीतरी तो धुतला होता, तरी त्याला दोन-चार पांढरे केस चिकटून राहिले होते. एका घावावर काम भागलं नव्हतं. तो पडल्यावरही मारणारा मारत राहिला होता. उजव्या हाताची बोटं मोडली होती. डोकं वाचवायला त्याने तो हात मध्ये घातला असावा.

समोरच्या भिंतीवर त्याचं लांबलचक चित्र होतं. गेल्या शिमग्यापासून तो त्यावर खपत होता. आता कोयत्याने ते उभं-आडवं फाडलेलं होतं आणि त्याच्या चिंध्या लोंबत होत्या.

मार्गारेटने खांद्यावरची शाल काढून नवऱ्याच्या डोक्यावर घातली. मग ती बाहेर आली, बांधावर ओकली, आणि त्यानंतर तिने फोडलेला टाहो निर्मळच्या देवळापर्यंत ऐकू गेला.

२

जानेवारी १९८२. फौजदार नरहरी चुरी मोटरसायकलवरून निर्मळच्या रस्त्याला लागला तेव्हा गर्दी एका माणसाला मारत होती.

"फर्डिनंड मास्तरांना यानेच मारलं! हात बघा याचे!"

मार खाणारा बाबू वरठा होता. वालीवच्या पलीकडे, तुंगारेश्वरच्या डोंगराआड त्याचा वारल्यांचा पाडा होता. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत लाल होते. कुणीतरी बांबू घातला आणि त्याच्या दंडाचं हाड मोडल्याचा आवाज नरहरीला रस्त्यावर ऐकू आला.

नरहरी तरुणपणी तालमीत घुमला होता. मुरगळलेले कान ही तिथली कमाई. तो गर्दीत घुसला, दोघांना बखोटीला धरून बाजूला फेकलं, तिसऱ्याचा दगड कपाळावर घेतला आणि बाबूवर आडवा झाला. डोळ्यात उतरणारं स्वतःचं रक्त पुसत त्याने बाबूचा हात नाकाशी धरला.

"मातीचा वास आहे. हा गेरू आहे, गाढवांनो!"

बाबूची टोपली रस्त्यात उलटी पडली होती आणि गेरूची ढेकळं चहूकडे विखुरली होती. फर्डिनंडसाठी डोंगरातून गेरू तोच आणून द्यायचा.

गर्दी थोडी मागे सरली. तेवढ्यात फर्डिनंडचा धाकटा भाऊ लुईस पुढे आला. वालीवच्या एका कारखान्यात तो फोरमन होता. त्याचे डोळे रडून सुजले होते.

"साहेब, मागच्याच आठवड्यात हा माझ्या भावाच्या अंगावर धावून गेला होता. 'देव विकलास तर जीव घेईन' म्हणाला. मी कुंपणापाशी उभा होतो, माझ्या कानांनी ऐकलंय."

नरहरीने बाबूकडे पाहिलं. बाबूने तोंडातलं रक्त थुंकलं. त्याबरोबर एक दातही पडला.

"म्हनलो होतो," तो म्हणाला.

३

बाबूला हवालदाराच्या पहाऱ्यात दवाखान्यात पाठवून नरहरी वाडीत आला. मार्गारेट ओट्यावर बसली होती.

"हे चित्र होतं कसलं? मला चित्रातलं ओ की ठो कळत नाही," तो म्हणाला. "लहान पोराला सांगता तसं सांगा."

"वालीवचा माळ होता," मार्गारेट म्हणाली. "एकच माळ, पण तिन्ही ऋतूंत. डावीकडे उन्हाळा, मधे पावसाळा, उजवीकडे हिवाळा. ज्या ऋतूत जे काढायचं ते त्याच ऋतूत, तिथे जाऊन बसून काढायचे. लोक म्हणायचे, मास्तरांना भास होतात. डोंगर म्हणजे निजलेली गाय. पावसात मासे झाडांवर चढलेले. वारल्यांची कणसरी देवी शेतात उभी, तिच्या केसांना भाताच्या लोंब्या. तारपा वाजवणाऱ्याभोवती नाचणाऱ्यांचं वेटोळं फिरत फिरत आभाळात गेलेलं. आणि वारल्यांचा वाघोबा, शेंदूर फासलेला दगडाचा देव."

"चित्र कुणी कुणी पाहिलं होतं?"

"मी पाहिलं. बाबूने पाहिलं. बाकी कुणाला ते दाखवत नव्हते. चित्र शंकरशेठनी, लुईसच्या मालकांनी मागितलं होतं, त्या माळावर होणाऱ्या नव्या कारखान्याच्या दारात लावायला. त्यांनासुद्धा म्हणाले, पुरं झाल्यावर या. आणि आज सकाळी म्हणाले, तू मिस्साला जा, मी येत नाही, माझ्याकडे कुणी येणार आहे."

"कोण?"

"सांगितलं नाही." तिने डोळे मिटले. "मीही विचारलं नाही."

खोलीत लोंबणाऱ्या चिंध्या काढून नरहरीने जमिनीवर पसरल्या. पळसाचा लाल शेंडा वरवंट्याएवढ्या रक्ताच्या डागाशेजारी आला. त्या शेंड्याखालचा तुकडा मात्र कुठेच सापडेना. खोलीत नव्हता, पाटात नव्हता, केळींतही नव्हता.

रागाने फाडणारा माणूस तुकडे बरोबर नेत नाही, असं नरहरीच्या मनात आलं. एक तुकडा काढायचा होता, म्हणून बाकीचं फाडलं. पण त्या तुकड्यात होतं काय?

४

लुईस अंगणात शवपेटीच्या सुताराशी बोलत होता. नरहरीने त्याला बाजूला घेतलं.

"चित्राचा एक तुकडा गेलाय. काय असेल त्यात?"

"बाबूने नेला म्हणजे त्याचा देवच असणार, साहेब. नाल्याकाठी पळसाखाली बसलेला तो वाघोबा. सगळं भांडण त्याच्यावरूनच होतं."

"तुम्ही चित्र पाहिलं होतं?"

"छे. मी त्या खोलीत पाऊल टाकत नाही. रंगांच्या वासाने माझा दमा उसळतो."

"मग देव कुठे पाहिलात?"

"माळावर. दिवाळीनंतर शेठना जागा दाखवायला नेलं तेव्हा. त्याआधी त्या बाजूला कधी फिरकलो नव्हतो." त्याने नरहरीचा हात धरला. "साहेब, फर्डिनंडने मला सायकलवर बसवून शाळेत नेलंय. त्या वारल्याला सोडू नका."

नरहरी तसाच वालीवला गेला. शंकरशेठ कारखान्यात एकटाच होता. रविवार असल्यामुळे यंत्रं बंद होती आणि तो स्वतः तेलाने बरबटलेल्या हातांनी एक पट्टा बदलत होता.

"सकाळपासून इथेच आहे," तो म्हणाला. "साक्षीदार विचाराल तर कुणी नाही."

"नव्या जागेवरचा वाघोबा कुठे आहे?"

शंकरशेठला प्रश्नाचं नवल वाटलं. "टेकाडावर. पहिल्यापासून तिथेच. निदान मी दिवाळीनंतर पहिल्यांदा माळ पाहिला तेव्हापासून तरी. का?"

"तो तुम्ही हलवणार का?"

"मला हलवायचा होता. पाया तिथूनच जातो. पण लुईसने हात जोडले. म्हणाला, शेठ, सगळा माळ खणा पण देवाची जागा सोडा, आदिवासी पेटतील. ख्रिश्चन माणूस, पण वारल्यांच्या देवाची काळजी माझ्यापेक्षा जास्त! मी नकाशा बदलला."

बाहेर पडताना नरहरीची नजर छताच्या तुळईला टांगलेल्या साखळीच्या कप्पीवर गेली. जड यंत्रं उचलायची कप्पी होती ती. तो थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिला आणि मग दवाखान्याकडे निघाला.

५

बाबूचा चेहरा इतका सुजला होता की त्याचा डावा डोळा दिसत नव्हता. खाटेपाशी त्याची वहिनी मथुरा बसली होती. ती त्याच्या तोंडात चमच्याने पाणी सोडत होती आणि ते गुलाबी होऊन बाहेर येत होतं.

"मास्तरांवर धावून का गेलास?" नरहरीने विचारलं.

"माझा दादा लाडक्या पावसाळ्यापासून नाय. आनि मास्तर देवाला कारखान्याच्या दारात टांगाय निघालं. ज्यानं आमचा माळ घेतला त्याच शेठच्या! मना राग आला. मग मास्तर बोललं, बस, चित्र बघ. बघितलं. दुसऱ्या दिवशी मीच बोललो, गेरू आनतो."

"तुझा भाऊ गेला कुठे?"

उत्तर मथुराने दिलं. "पाडा उन्हाळ्यात डोंगराआड हलवला. जागेच्या जुन्या मालकाने हलवला. माझा नवरा हलला नाय. बोलला, माझं झोपडं हितंच ऱ्हानार. पोरांना घेऊन मी पाड्याबरोबर गेली. पाऊस थांबल्यावर आली, तर झोपडं पडलेलं. नाक्यावरची लोकं बोलली, चिकूच्या बागेत कामाला गेला." तिने चमचा खाली ठेवला. "त्याचा कोयता झोपड्यात होता. कोयता सोडून बागेत कामाला कोन जातं?"

"आणि वाघोबा?"

"तो चालला," बाबू म्हणाला. "पहिलं नाल्याकाठी होता, पळसाखाली. माझ्या आज्याच्या आज्यापासून. वाघबारशीला पूजेला आलो, तर वर टेकाडावर बसलेला. कोनी बोललं पुराचं पानी घेऊन गेलं. कोनी बोललं, पाडा गेला म्हनून देवानं जागा सोडली. मास्तरांनी दोनी काढलं. उन्हाळ्यात खाली, हिवाळ्यात वर."

नरहरी खाटेच्या कडेवर टेकला. गेलेला तुकडा पळसाखालचा होता. म्हणजे वाघोबाची जुनी जागा त्यात होती.

त्याने वाडीतून काखेत आणलेली चिंध्यांची गुंडाळी सोडून हिवाळ्याची चिंधी बाबूच्या उघड्या डोळ्यासमोर धरली. टेकाडावर शेंदरी देव बसला होता आणि त्याच्या कमरेभोवती तांदळाच्या पिठाने एक पांढरी, तुटक रेघ ओढलेली होती.

"ही माळ कसली?"

"आमच्या देवाला माळ नसते," बाबू म्हणाला. "मी बी इचारलं. मास्तर बोललं, मी मनाचं काय काढत नाय. दगडावर हाय, म्हनून हाय."

मथुरा उठून उभी राहिली. तिने चिंधीकडे पाहिलं, मग नरहरीकडे पाहिलं.

"साहेब, पानी दगडाला वर नेतं का?"

६

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे माळावर जमले. पाड्यातले वारली आले होते. शंकरशेठ आला. मार्गारेट काळ्या साडीत आली. भावाचं दफन दुपारी होतं, तरी लुईसलाही नरहरीने बोलावून घेतलं होतं. गळ्यात हात बांधलेला बाबू पोलिसांच्या जीपमध्ये बसून होता.

नरहरीने वाघोबाच्या कमरेवरचा शेंदूर चाकूने खरवडला. आत दगडावर ओळीने चरे होते, लोखंडी कड्यांनी पाडलेले.

"साखळी," तो म्हणाला. "कारखान्यात यंत्र उचलतात ती. फर्डिनंड मास्तरांना स्वप्नं पडतात असं सगळे म्हणत होते. मला चित्र कळत नाही म्हणून मी धरून चाललो, की हा माणूस दिसलं तेच काढतो. मग प्रश्न एवढाच उरला, की देव नाल्यावरून चढावर का आणला? आणि कुणी?"

त्याने माळावरून हात फिरवला.

"या माळावर सगळीकडे पाया खणला जाणार होता. खणलं जाणार नाही अशी एकच जागा होती. देव बसलाय ती. ज्याला जमिनीत काही लपवायचं होतं, त्याने देवच उचलून त्यावर आणून ठेवला. खाली नाल्याकाठी पावसाळ्यात हातभर खणलं की खड्डा पाण्याने भरतो, म्हणून वर टेकाडावर."

"म्हणजे शेठनी?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"शेठ म्हणतात देव पहिल्यापासून टेकाडावर आहे. दिवाळीनंतर आलेला माणूस तसंच म्हणणार. त्यांना उन्हाळ्याचा तुकडा दाखवला असता तरी त्यात काही वावगं दिसलं नसतं. बाबूचा अख्खा पाडा दोन्ही जागा जाणतो, त्याला तुकडा पळवून कुणापासून काय लपवायचं?" नरहरी वळला. "लुईस, तुम्ही मला सांगितलंत, माळ दिवाळीनंतर पहिल्यांदा पाहिला. चित्र कधी पाहिलंच नाही. मग वाघोबा पळसाखाली नाल्याकाठी बसलेला तुम्ही कुठे पाहिलात? एक तर तुम्ही पावसाआधी माळावर आला होतात, नाहीतर काल सकाळी मास्तरांच्या खोलीत होतात."

लुईस हसला. "साहेब, कुणाकडून तरी ऐकलं असेल."

"असेल. मथुराबाई, देव हलवायला परवानगी द्या."

मथुरा पुढे झाली. तिने दगडासमोर नारळ फोडला, कपाळ टेकवलं आणि मोठ्याने म्हणाली, "बाबा, तुला कुनी आनलं तुला म्हाईत. जरा सरक."

चार वारल्यांनी पहारी लावल्या. दगड कलला, गडगडत बाजूला गेला. खालची माती भुसभुशीत होती. फावडी फार वेळ चालवावी लागली नाहीत. आधी धोतराचा चिखलाने काळा पडलेला काठ दिसला, मग पायाचं हाड, मग कवटी. ती मागच्या बाजूने फुटलेली होती. मनगटाच्या हाडावर रुप्याचं कडं होतं. मथुराने कडं ओळखलं. ती रडली नाही. खड्ड्याच्या कडेला बसून तिने हाताने कवटीवरची माती झाडायला सुरुवात केली.

त्याच क्षणी लुईसने जमिनीवरची पहार उचलली.

पहिला घाव नरहरीच्या खांद्यावर बसला आणि गळ्याजवळचं हाड काडीसारखं मोडलं. दुसरा हवालदाराच्या गुडघ्यावर. "मागे व्हा! एकेकाला फोडीन!" लुईस किंचाळत नाल्याच्या दिशेने मागे सरकू लागला. वाटेत मार्गारेट उभी होती. त्याने पहार वर उचलली.

"मार," मार्गारेट म्हणाली. "भावाला मारलंस, मला मार."

पहार हवेत थांबली. तेवढा वेळ नरहरीला पुरला. त्याने खाली घुसून उरलेल्या एका हाताने लुईसचा पाय धरला, कमरेत डोकं घातलं आणि त्याला उचलून दगडांवर आपटलं. लुईसच्या नाकाचा चेंदा झाला. वारली चहूबाजूंनी धावले, हातात फावडी, पहारी. काल निर्मळच्या रस्त्यावर होता तोच आवाज आज इथे उठला.

नरहरी मोडक्या खांद्यानिशी लुईसवर आडवा पडला. "याला कुणी हात लावायचा नाही! हा माझा आहे!"

जीपमधून बाबू ओरडला, "थांबा रे! साहेब माझ्यावर बी असाच पडला होता!"

फावडी खाली आली.

७

लुईसने दोन्ही खून कबूल केले. मोकळा माळ मिळवून दिला तर नव्या कारखान्यात भागी देऊ, असा शंकरशेठचा शब्द होता. माळ मोकळा होईना, कारण लाडक्या उठेना. भर पावसाळ्यात लुईस त्याला दम द्यायला एकटाच गेला. पुढचं सगळं त्याने मुसळधार पावसात, माळावर चिटपाखरू नसताना केलं. तीन लाकडी बल्ल्या बांधून केलेली घोडी, साखळीची कप्पी, आणि इंच इंच सरकणारा देव.

रविवारी सकाळी फर्डिनंडनेच त्याला बोलावलं होतं. दोन्ही वाघोबा दाखवून त्याने निर्मळपणे विचारलं होतं, "लुईस, देवाच्या दगडावर साखळीचे चरे आहेत, कारखान्यातल्या साखळीचे वाटतात. देव कुणी हलवला, तुझ्या शेठना विचारशील का? नाहीतर मीच पोलिसांना सांगतो." आणि तो चित्राकडे वळला होता. लुईसच्या हाताशी वरवंटा होता. चित्रातली पांढरी रेघ म्हणजे तेच चरे हे त्याच्या लक्षात आलं नाही, ती त्याला नुसती माळ वाटली. पळसाखालचा तुकडा त्याने चुलीत घातला.

दोन्ही दफनं झाल्यावर लुईसने कोठडीतून निरोप पाठवला. त्याला पापनिवेदन करायचं होतं, वहिनीने फादरना घेऊन यावं. मार्गारेट आली. पण तिच्याबरोबर फादर नव्हते. मथुरा होती.

"वहिनी, फादर?" पट्ट्या बांधलेल्या नाकातून लुईसचा आवाज घोगरा येत होता.

"येतील. मीच आणीन," मार्गारेट म्हणाली. "त्याआधी हिला काय विचारायचंय त्याचं उत्तर दे. खरं दे."

मथुरा गजांपाशी आली. बाहेर बाकावर नरहरी खांदा बांधून बसला होता. तिथवर ऐकू येईल इतकाच तिचा आवाज होता.

"माझा नवरा मरताना काय बोलला?"

लुईस गजांपासून एक पाऊल मागे सरला. मार्गारेट हलली नाही, मथुराही नाही.

"मी त्याच्या दारात जाऊन शिव्या दिल्या," तो शेवटी म्हणाला. "झोपडं पेटवीन म्हणालो. तो नुसता बघत होता. मी पुरता भिजलो होतो, थरथरत होतो. मग तो म्हणाला, 'पाऊस लय हाय. भिजू नको, आत ये.' आणि वाकून दार उघडायला वळला." लुईसने गजावर कपाळ टेकलं. "तेव्हा मारलं."

मार्गारेटने तोंडाला पदर लावला.

"हां," मथुरा म्हणाली. "तो तसाच होता." मग तिने मार्गारेटचा हात धरला आणि दोघी उन्हात बाहेर पडल्या.